बिनकानाचं कव्हर

आई: ते जाड बाजूला ठेवा. ते उचलताना मलाच धाप लागेल. स्कूटरसाठी सगळ्यात स्वस्त कुठलं, ते दाखवा.

कव्हरवाले: सगळ्यात स्वस्त म्हणजे प्लॅस्टिक. ते मी विकतो, आणि गाडीला घालू नका असंही मीच सांगतो.

लेक: मग विकता कशाला, काका?

कव्हरवाले: लोक मागतात म्हणून. ताई, प्लॅस्टिक बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, पण आतली वाफही बाहेर सोडत नाही. गाडी आतल्या आत घामाघूम होते. वर्षभरात खालचा पत्रा गंजला, की येतात माझ्याच नावानं बोटं मोडत.

आई: मग नको. त्याच्या वरचं?

कव्हरवाले: ठेवलंय ना, बाई. मघापासून तुमच्या डाव्या हाताला आहे.

आई: हो का? हं. हे होय. हाताला बरं लागतंय. छत्रीच्या कापडासारखं.

कव्हरवाले: त्याच जातीचं. आतून चंदेरी, ऊन परतवतं. पाऊस तासभर थोपवतं, पुढचं देवाच्या हाती. खाली इलॅस्टिक आहे. वारा फार असेल तर पोटाखालून पट्टा आणि बक्कल लावून देईन. आणि ते जाड, त्याला आतून मऊ अस्तर. गाडीच्या रंगाला ओरखडा म्हणून येणार नाही. किंमत मात्र मधल्याच्या दुप्पट.

लेक: आई, जाडच घेऊ या. पैसे मी देणार आहे.

आई: तू का देणार? गाडी माझी.

लेक: म्हणजे... असंच. माझ्याकडून.

आई: भाऊ, हिला काहीतरी झालंय. बारा दिवसांत मला नवी चप्पल आणली, गुडघ्याचा पट्टा आणला, काल उशी आणली. एरवी मीठ संपलं तरी तीनदा सांगावं लागतं.

कव्हरवाले: घेऊन टाका, बाई. माझी लेक मला फक्त फोन आणून देते. तोही वाजत असला तर.

आई: नको. ओरखड्यांची भीती नव्या गाडीला. आमच्या गाडीला एक ओरखडा चौदा वर्षांचा जुना आहे, कुणाच्या कृपेनं ते हीच सांगेल.

लेक: आई, तो विषय इथे कशाला?

आई: नाही काढत. मधलं किती दिवस टिकेल?

कव्हरवाले: तुम्ही कसं वापरता त्यावर. रोज गाडी काढणार, रोज कव्हर ओढणार, तर दोन वर्षं. नुसती उभी ठेवणार असाल तर चार-पाच सहज.

आई: मग चार-पाच धरा.

लेक: आई!

आई: काय आई? हिशेब केला. कापड स्वस्त हवं, टिकाऊ हवं, हलकं हवं.

कव्हरवाले: आणि आखूडशिंगी, बहुदुधी. सगळ्यांना तेच हवं असतं. बरं, गाडी आणलीय का? मी नुसत्या मापावर शिवत नाही. कागदावर सगळ्या स्कूटर सारख्या. कापड गाडीवर टाकलं की कळतं, कुणाच्या मागे पेटी आहे, कुणाचा मडगार्ड ठोकून वर आलाय.

लेक: आणलीय. ती काय बाहेर, चादरीखाली. मी ढकलत आणली, आई रिक्षानं आली.

कव्हरवाले: ढकलत? पेट्रोल संपलं?

आई: आरसे नाहीत. आरशाशिवाय मी गाडी फूटभर हलवत नाही. एकतीस वर्षांत नाही हलवली.

कव्हरवाले: एकतीस वर्षं? काय काम करता, बाई?

आई: लॅबसाठी रक्त घेते. घरोघर जाऊन. पहाटे साडेपाचला निघायचं, पायाशी बर्फाची पेटी, साडेनऊच्या आत सगळ्या नळ्या लॅबमध्ये. नोकरीतून मोकळी झाले तीन वर्षांपूर्वी, पण लोक सोडत नाहीत.

लेक: लोक नाही, तूच सोडत नाहीस.

आई: तिसऱ्या गल्लीत शाळेतल्या जुन्या बाई आहेत, अंथरुणावरच असतात. त्यांची शीर कुणाला सापडत नाही. परवा लॅबनं नवा माणूस पाठवला, त्यानं चार ठिकाणी टोचलं. त्यांनी मला फोन केला आणि फक्त विचारलं, तुम्ही बऱ्या आहात ना?

कव्हरवाले: आणि आरसे? फुटले?

आई: चोरीला गेले. बारा दिवस झाले. पेटी घेऊन खाली उतरते तर दोन्ही गायब. जिन्याच्या पायरीवरूनच दिसलं, नुसतं बोडकं हँडल. तशीच वर गेले.

कव्हरवाले: आणि गाडी नेली नाही? नुसते आरसे?

आई: नुसते आरसे. वॉचमनला मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, झोपायचा पगार घेतोस का? तेव्हापासून गाडीशेजारी खुर्ची टाकून बसतो तो. मी समोरून गेले की उठून उभा राहतो. मी बघतसुद्धा नाही त्याच्याकडे.

लेक: तो चांगला माणूस आहे, आई.

आई: चांगला असेल. पण जागा नव्हता.

कव्हरवाले: बरं, मग एक ठरवावं लागेल. कान ठेवायचे की नाही?

लेक: कसले कान?

कव्हरवाले: कव्हरला आरशांसाठी दोन खिसे काढतो, त्यांना आम्ही कान म्हणतो. कान नसले तर कापड आरशांवर ताणतं आणि तिथंच आधी फाटतं. पण कानांची शिलाई वेगळी, कापड जास्त, म्हणून ऐंशी जास्त. आणि कान काढायचे तर आरसे बसवलेले लागतात, तेही जो चालवणार त्याच्या नजरेला लावलेले. कान मी नेमके त्याच जागी कापतो. नाहीतर कव्हर घालता-काढताना आरसे हलतात, आणि माणूस रोज सकाळी पुन्हा लावत बसतो.

आई: सोपं आहे. बिनकानाचं शिवा.

लेक: अगं, पण नवे आरसे बसवू ना आपण! आजच बसवू. मी आणते.

आई: नकोत.

लेक: का नकोत? बारा दिवस झाले, तू आरशांचं नावसुद्धा काढलं नाहीस. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशीच दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहशील.

आई: नाही वाटलं जावंसं.

लेक: तुला? तुला नाही वाटलं?

आई: तू काय पोलिसात आहेस का? बिनकानाचं म्हटलं ना. भाऊ, कापा तुम्ही.

कव्हरवाले: कापतो, कापतो. आधी चादर तर काढू द्या. जुन्या चादरीनं झाकून ठेवता आणि म्हणता, स्कूटरला कव्हर नवं हवं... हं. बाई, तुमचा चोर मोठा सभ्य होता.

आई: का? काय झालं?

कव्हरवाले: आरसे उपटले नाहीत त्यानं. पान्यानं सोडवले, नट जागेवर परत फिरवून ठेवलेत. आणि भोकात पाणी जाऊ नये म्हणून कापसाचे बोळे. वर चिकटपट्टी. मी तेवीस वर्षं गाड्या बघतोय, गाडीला सर्दी होऊ नये म्हणून काळजी घेणारा चोर पहिल्यांदा पाहिला.

लेक: काका, तुम्ही जाडाची किंमत किती म्हणालात?

आई: थांब. कसली चिकटपट्टी?

कव्हरवाले: दवाखान्यात लावतात ती. भुरकट, कागदासारखी. दोन्हीकडे.

आई: तिचं टोक दुमडलंय?

कव्हरवाले: टोक?

आई: पट्टीचा एक कोपरा. स्वतःवरच थोडासा दुमडून ठेवलाय का?

कव्हरवाले: हो की! दोन्हीकडे. काढताना नख लावायला नको, चिमटीत धरलं की झालं. पण तुम्हाला तिथून कसं...?

(आई खुर्चीवरून उठते, गाडीजवळ जाते, दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवते.)

आई: हे मी शिकवलं हिला. सात वर्षांची असताना. माझ्या बॅगेतल्या पट्ट्या बाहुलीला लावायची. म्हटलं, टोक दुमडून ठेव, म्हणजे काढताना दुखत नाही. आरसे कुठे आहेत?

लेक: माझ्या कपाटात. खालच्या खणात, शालीत गुंडाळून.

आई: तडा गेला का कुठे?

लेक: नाही. एकेक करून नेले.

आई: काखेत कळसा म्हणतात ते हेच. आणि मी सगळ्या बिल्डिंगवर संशय घेत बसले.

लेक: आई, ऐक...

आई: वॉचमनला मी शिव्या दिल्या. तू शेजारी उभी होतीस. ऐकत होतीस.

लेक: रोज सकाळी वाटतं, आज सांगू. तो खुर्चीवर बसलेला दिसतो आणि मी तशीच पुढे निघून जाते. एकदा त्याला चहा नेऊन दिला, तर तो म्हणाला, ताई, आईंना सांगा, मी खरंच झोपलो नव्हतो.

आई: आणि तू काय म्हणालीस?

लेक: सांगते म्हणाले.

आई: शाबास! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चहा.

कव्हरवाले: बाई, मी जरा कोपऱ्यावर जाऊन येतो. तुम्ही बोला.

आई: बसा हो. दुकान तुमचं आहे. आता झाकायचं काय राहिलंय? का केलंस, ते सांग आधी.

लेक: आजोळी मामींकडे गेलो होतो त्या दिवशी. मी तुझ्या मागे बसले होते. पेठेच्या चौकात तू डावीकडे वळलीस आणि तो सायकलवाला पडता पडता वाचला. आठवतं?

आई: आठवतं. कुठून उगवला कोण जाणे.

लेक: तेव्हाही तू हेच म्हणालीस. आई, तो उगवला नव्हता. तो आरशात होता. अख्ख्या गल्लीभर तो डाव्या आरशात होता. मला मागे बसून दिसत होता. पांढऱ्या केसांचा माणूस होता. त्याचा एक पाय जमिनीवर टेकला म्हणून वाचला. मला दोन रात्री त्याचा तो पाय दिसत राहिला. तिसऱ्या दिवशी मी पाना काढला.

आई: तोंड नव्हतं तुला? बोलायचं.

लेक: बोलले होते. म्हटलं, डोळे दाखवून ये. तू म्हणालीस, शीर बोटाला कळते, डोळ्याला नाही. आणि हसलीस. तुझ्यापुढे आजवर कोणाचं काही चाललंय का? मला वाटलं, आरसे नसले की चार दिवस गाडी थांबेल. तू चिडशील, आरडाओरडा करशील, नवे आणायला निघशील, तेव्हा दारात उभी राहीन आणि सांगेन. पण तू चिडलीच नाहीस. वॉचमनवर चिडलीस तेवढीच. मग नुसती खिडकीशी बसून राहायला लागलीस. मला जास्त भीती त्याची वाटली.

आई: म्हणून चप्पल.

लेक: म्हणून चप्पल. आणि उशी. खाई त्याला खवखवे.

आई: भाऊ, पाणी आहे का?

कव्हरवाले: आहे, हे घ्या. ताजं भरलेलं आहे.

आई: आता मी सांगते. चिडले नाही, कारण सुटले होते.

लेक: म्हणजे?

आई: पायरीवरून बोडकं हँडल दिसलं ना, तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं असेल मला? राग नाही. हलकं वाटलं. म्हटलं, चला, आज जायला नको. आणि उद्याही नको. कोणी विचारलं तर सांगायला कारण आहे. आरसे चोरीला गेले. किती सोपं! मग स्वतःचीच लाज वाटली, म्हणून वॉचमनवर तोंडसुख घेतलं.

लेक: आई, कधीपासून?

आई: सहा महिने. सात असतील. डावीकडून धुकं असल्यासारखं. आधी म्हटलं चष्म्याची काच पुसायला हवी. पुसून पुसून दांडी मोडली. आरसा दिसायचा मला. आरशात काही दिसायचं नाही.

लेक: आणि तशीच जात होतीस? पहाटे, अंधारात?

आई: मान वळवून बघायचे. रस्ता पाठ आहे. एकतीस वर्षांचा रस्ता बिनडोळ्याचा माणूसही पार करेल, असं समजत होते.

लेक: मला का नाही सांगितलंस?

आई: सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

लेक: काम सोड म्हटलं असतं.

आई: म्हणूनच. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी बसले की मी कोण? खिडकीतली म्हातारी. त्या शाळेतल्या बाई मला नावानं ओळखत नाहीत, हातानं ओळखतात. डोळे मिटून दंड पुढे करतात आणि म्हणतात, आता नाही दुखणार. असं मला घरात कोण म्हणणार?

लेक: काम सोड म्हणत नाही मी. आता नाही म्हणत. पण ती सायकल...

आई: कळलं गं. दहादा सांगू नकोस. तो माणूस पडला असता तर मी त्याला काय सांगणार होते? कापूस लावते म्हणून?

कव्हरवाले: बाई, मध्ये बोलतो, माफ करा. माझ्या आईच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तीही तीन वर्षं चष्माच पुसत बसली. शेवटी अर्ध्या तासाचं काम निघालं. सगळ्यांचं तसंच असतं असं नाही, पण दाखवल्याशिवाय कळणार कसं?

आई: दाखवते. मंगळवारी.

लेक: उद्या.

आई: उद्या लॅबमध्ये...

लेक: आई. उद्या.

आई: बरं, उद्या. आणि आज घरी गेल्यावर आधी वॉचमनकडे. मी माफी मागेन. पण आरसे कोणी काढले ते तू सांगायचं, तुझ्या तोंडानं. मी शेजारी उभी राहीन. जशी तू राहिली होतीस.

लेक: सांगते.

कव्हरवाले: मग आता? मधलं कापड, बिनकानाचं? म्हणजे मी कात्री लावायला मोकळा.

आई: थांबा जरा. भाऊ, बिनकानाचं शिवलं आणि पुढे कधी कान हवे झाले, तर?

कव्हरवाले: वरून जोडता येतात. पण ठिगळच ते. शिवणीतून पाणी जाणार. कान काढायचे तर पहिल्याच कापडात.

आई: मग काढा. मधलंच कापड, जाड नको. पट्टा-बक्कल लावा. आणि कान ठेवा.

लेक: आई! आत्ता तर तू म्हणालीस...

आई: मी चालवते म्हटलं का? शाळेतल्या बाई तिसऱ्या गल्लीत आहेत, पहाटे तिथे वाहन मिळत नाही. आणि बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन मी काय वरात काढू? तुझं ऑफिस किती वाजता?

लेक: दहा. का?

आई: साडेनऊला मोकळी होतेस की.

लेक: मी? मला कुठे येते गाडी? एकदाच हात लावला होता. तो ओरखडा माझाच आहे.

आई: माहीत आहे. भिंतीला घातलीस आणि मी चार माणसांत म्हटलं, पुन्हा या गाडीला शिवायचं नाही. तू खरंच शिवली नाहीस. चौदा वर्षं. इतकं ऐकायला कोणी सांगितलं होतं तुला?

लेक: तूच.

आई: चुकलं माझं ते.

कव्हरवाले: ताई, घरापासून ढकलत आणलीत ना? अर्धी गाडी येते तुम्हाला. उरलेलं अर्धं इंजिन करतं.

लेक: काका, तुम्ही तरी तिची बाजू घेऊ नका.

कव्हरवाले: मी कानांची बाजू घेतोय. ऐंशीचा प्रश्न आहे.

आई: ते ऐंशी हीच देईल. सगळंच हीच देईल. दंड.

कव्हरवाले: पण आरसे तर कपाटात. मग कान कापू कुठे?

आई: दुसरे नाहीत का तुमच्याकडे?

कव्हरवाले: मापाला ठेवलेली एक जुनी जोडी आहे. या पट्ट्या काढाव्या लागतील.

आई: मी काढते. बघ, टोक दुमडलेलं असलं की कसं अलगद निघतं.

कव्हरवाले: हं, बसले दोन्ही. आता नजरेला लावायचे. या बाई, बसा सीटवर.

आई: मी कशाला? हिला बसवा. माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे, माझ्या नजरेला लावलेत तर हिला नुसतं आभाळ दिसेल.

लेक: आई, मला भीती वाटते.

आई: स्टँडवर आहे. बस. पाठ सरळ. खांदे सैल सोड. मान नाही वळवायची, फक्त डोळे.

कव्हरवाले: डावा आरसा जरा आत घेतो. सांगा ताई, आता काय दिसतंय?

लेक: रस्ता दिसतोय. ती पिवळी भिंत, एक सायकल येतेय. आणि कोपऱ्यात आईचा खांदा. काका, अजून थोडा बाहेर फिरवा, खांदा मध्ये येतोय.

आई: नका फिरवू, भाऊ. मी मागेच बसणार आहे, तेवढा दिसू दे.